पील की लेझर? आधी डाग आहे की खड्डा ते बघा

लग्नसराई जवळ आली की एक सल्ला फोनवर फिरू लागतो: 'पील म्हणजे पैसे पाण्यात. मुरमांचे डाग आणि खड्डे दोन्ही घालवायचे तर एकदाच लेझर करून घ्या. परवडत नसेल तर पीलची बाटली ऑनलाइन मागवा आणि घरीच लावा.' या सल्ल्यापायी चांगले चेहरे बिघडतात, म्हणून हे उत्तर. (पील म्हणजे चेहऱ्याला ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर सोलवणं.)

पील म्हणजे पैसे पाण्यात? डागांसाठी नाही. मुरूम बसल्यावर मागे राहणारा तपकिरी डाग बऱ्याचदा त्वचेच्या वरच्या थरात असतो. सॅलिसिलिक, ग्लायकोलिक किंवा मॅन्डेलिक ॲसिडचं सौम्य पील दोन-चार आठवड्यांच्या अंतराने काही वेळा केलं, सोबत रोज सनस्क्रीन लावलं, तर तो लवकर फिका पडतो. खड्डा मात्र खालच्या थरातलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, गेल्यामुळे पडतो. तिथवर सौम्य पील पोचतच नाही.

मग दोन्हींवर लेझर? सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर त्वचेत उष्णतेने सूक्ष्म छिद्रं पाडतो आणि त्या जखमा भरताना नवं कोलॅजन तयार होतं. रुंद, उथळ खड्ड्यांना याचा चांगला उपयोग होतो. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत तीच उष्णता रंगपेशींना चेतवते आणि नवे काळे डाग पडू शकतात. ज्यांना नुसते डाग आहेत, त्यांनी हा धोका का पत्करायचा?

शिवाय खड्डे सगळे सारखे नसतात. दोन बोटांनी गाल ताणून बघा. खड्डा सपाट झाला, तर त्वचा बहुधा खालून तंतूंनी ओढली गेलेली असते. ते तंतू सुईने सोडवावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. सुईने टोचल्यासारखा अरुंद, खोल खड्डा ताणूनही तसाच राहतो. त्यासाठी कोरियातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये मांडलेली क्रॉस पद्धत आहे: टोकदार काडीने तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक) ॲसिड फक्त त्या खड्ड्यात टेकवतात आणि काही सेकंदांत तिथे पांढरा ठिपका उमटतो. म्हणजे खड्ड्यावरही पीलचंच ॲसिड चालतं, फक्त जाणत्या हातात.

'एकदाच' हेही खोटं. बहुतेकांना अनेक सिटिंग लागतात आणि खड्डे कमी होतात, पुसले जात नाहीत.

घरच्या बाटलीबद्दल स्पष्टच सांगते: लावू नका. ग्लायकोलिक वेळेवर निष्प्रभ करावं लागतं. टीसीए किती खोल गेलं हे त्वचा किती पांढरी पडते त्यावरून ओळखतात, आणि एकदा खोल गेलेलं ॲसिड धुऊन परत येत नाही. भाजलं की नवा व्रण.

लग्न ठरलंय? मुरूम अजून येत असतील तर आधी ते आटोक्यात आणा. खड्ड्यांचं काम निदान सहा महिने आधी सुरू करा. लेझरनंतरचे काळे डाग बऱ्याचदा काही आठवड्यांनी वर येतात. पंधरा दिवस आधी केलेल्या लेझरचे डाग ऐन हळदीला दिसू लागतील.