मग एल्विसलाही बाहेर काढा

हिंदी सिनेमातलं रॉक हे रॉकच नव्हे, असं ठासून सांगणारा एक मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. कारणं चार: गाणं सिनेमाच्या प्रसंगासाठी मागवलेलं, पडद्यावर एक आणि गाणारा दुसराच, वाजवणारे भाड्याचे, आणि बंडखोरी तर औषधालाही नाही.

मागवलेलं गाणं रॉक नसेल, तर ‘जेलहाउस रॉक’चं काय करायचं? १९५७ सालचा एल्विस प्रेस्लीचा सिनेमा. गाण्यांचं काम लिबर आणि स्टोलर या जोडीकडे. दोघं न्यूयॉर्कला आले आणि गाणी सोडून जॅझ ऐकत भटकू लागले. शेवटी प्रकाशक हॉटेलच्या खोलीत येऊन थडकला, दाराला सोफा लावून त्यावर आडवा झाला आणि गाणी मिळाल्याशिवाय कुणाला सोडणार नाही म्हणाला. किस्सा त्या दोघांनीच सांगितलेला आहे. त्या बैठकीत चार गाणी निघाली, सिनेमाच्याच नावाचं ‘जेलहाउस रॉक’ हे त्यातलंच एक. आपले निर्माते याहून वेगळं काय करतात? (सोफा सोडून.)

त्याच १९५७मध्ये इकडे ‘आशा’ आला. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, त्यात ‘ईना मीना डीका’ केलं. एकदा हेडफोन लावून ऐका. किशोर कुमारचा आवाज नुसता उधळलाय, शब्दांना शेंडा ना बुडखा, आणि त्या गोंधळात मध्येच ‘माका नाका’ ऐकू येतं. कोकणी कळणारा तिथं हसतोच: ‘मला नको’! मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे किती वादक होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे शब्द कुठून आले ते वेगळं सांगायला नको. मला हे चोख रॉक अँड रोल वाटतं. आणि पडद्यावरही किशोरच असल्यामुळे दुसरं कारण इथं आपोआप गळतं.

भाड्याचे वादक? बर्ड्‌स या अमेरिकन बँडचं १९६५चं ‘मिस्टर टॅम्बुरिन मॅन’ घ्या. गाणं बॉब डिलनचं. रेकॉर्डवर बँडमधला एकटा रॉजर मॅग्विन गिटार वाजवतो, बाकी वाद्यं बाहेरून बोलावलेल्या स्टुडिओ वादकांची. तरी त्यांना रॉकच्या इतिहासातून कुणी हाकललेलं नाही.

बंडखोरीबद्दल मी थोडा नरम आहे. ‘रॉकस्टार’मधल्या (२०११) ‘साड्डा हक’ची घोषणा ए. आर. रहमानच्या चालीवर कितीही तापली, ऑस्ट्रेलियन गिटारवादक ओरियान्थीची गिटार कितीही किंचाळली, तरी तो राग एका नायकाचा, लिहून दिलेला. पण त्याच गाण्यात दिसणारा ‘फ्री तिबेट’चा झेंडा सेन्सॉर बोर्डानं धूसर करायला लावला होता. बंड अगदीच नावापुरतं असतं तर एवढी कात्री कशाला लागली असती?

मजकुराचं एक म्हणणं मात्र खरं आहे. प्रेमगीताला वरून गिटारची फोडणी द्यायची आणि त्याला रॉक म्हणून खपवायचं, असा माल आपल्याकडे ढिगानं निघतो. माझी चाचणी साधी आहे: गिटार काढून तिथं पेटी ठेवली तरी गाणं जसंच्या तसं उभं राहतंय का? राहत असेल तर ते रॉक नव्हे. ‘दम मारो दम’मधून भूपिंदर सिंगची सुरुवातीची गिटार काढून बघा. गाणं सुरूच होणार नाही.

लिहिणाऱ्याचं खरं दुखणं मला वेगळंच दिसतं. १९८०च्या दशकात धोबीतलावच्या रंगभवनात रॉक मशीनसारखे बँड स्वतःची गाणी घेऊन उभे राहिले. आज त्यांची नावं पन्नाशीतल्या मंडळींनाच आठवतात, आणि २००८चा ‘रॉक ऑन’ हा सिनेमा मात्र घरोघरी ठाऊक. हा अन्याय आहेच. पण ती तक्रार पैशाची आणि नावाची आहे. ती तशीच सरळ लिहा, खाली पहिली सही माझी.