बंद करून चालू करा

सात वर्षं वापरलेलं इंटरनेट कनेक्शन गेल्या महिन्यात सोडलं. जो तो विचारतो, "स्पीड कमी होता का?" होता की! पण तो पहिल्या दिवसापासून कमीच होता, तरी सात वर्षं काढलीच ना.

डायल-अपचा, म्हणजे फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडायचा जमाना आठवणारे इथे बरेच असतील. ५६ केबीपीएसचा मोडेम, ५ एमबीचं गाणं उतरायला बारा मिनिटं, तीही मध्ये फोन आला नाही तर. गाणं लावायचं आणि आंघोळ उरकून यायचं. किती वेळ लागणार हे माहीत असलं की माणूस निवांत असतो. कधी अडकेल आणि का अडकेल हेच कळेनासं झालं, की डोकं फिरतं.

माझं एका संध्याकाळी फिरलं. ३०० एमबीचा व्हिडिओ ऑफिसला पाठवायला लावला होता. दोन मिनिटांत मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "बाबा, काय केलंस? सरांचं तोंड उघडंच राहिलंय!" जाऊन बघतो तर खरंच. ऑनलाइन क्लासचे सर तोंड उघडं, हात हवेत, असे थिजलेले.

आमचं एडीएसएल, म्हणजे तांब्याची तार. त्यात खाली यायला हमरस्ता आणि वर जायला पायवाट. अपलोड जेमतेम १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, आणि एका एमबीत मेगाबिट आठ; म्हणजे तो व्हिडिओ चढायला हिशेबानेच ४० मिनिटं. तोवर मोडेमच्या रांगेत माझ्याच फाइलचे तुकडे खच्चून भरलेले आणि क्लासचं इवलंसं पॅकेट त्यांच्यामागे ताटकळत. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात हे नंतर वाचलं. जाहिरातीत मात्र डाउनलोडचाच आकडा ठळक, पुढे बारीक अक्षरांत 'पर्यंत'. फार चलाख शब्द. शून्यसुद्धा त्यात बसतो.

नुसत्या एमबीपीएसवर जाऊ नका. भूस्थिर उपग्रह, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारा, सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. तिथून इंटरनेट घेतलं, तर प्लॅन कितीही मोठा असो, सिग्नलच्या जाण्यायेण्यातच अर्धा सेकंद जातो. व्हिडिओ कॉलवर दोघं एकदमच बोलायला लागतात, मग दोघंही गप्प. म्हणून तर साडेपाचशे किलोमीटरवरच्या उपग्रहांतून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकची सोय झाल्यावर लोक तिकडे वळले.

आणि तक्रार केली की, "सर, राउटर बंद करून चालू करा." प्रत्येक वेळी नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. सहाव्यांदा हे ऐकलं आणि त्याच रात्री फायबरचा फॉर्म भरला.

कनेक्शन बंद करायचा अर्ज गेल्यावर मात्र एका तासात फोन. "सर, का सोडताय? दुप्पट स्पीड देतो, त्याच पैशात!"

सात वर्षांत हे कधी सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं, आणि अपलोड किती?"

"एक मिनिट हं सर, चेक करून सांगतो."

अजून चेकच करतोय बिचारा.