मेणबत्ती जळते म्हणून टाकीत उतरू नका

‘सेप्टिक टँकमध्ये उतरण्याआधी एवढं करा’ हा मेसेज सध्या मराठवाड्यात गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. टाकी उपसायच्या कामाला जाणाऱ्या माझ्या पुतण्यालाही तो आला. त्यात पाच गोष्टी सांगितल्यात: मेणबत्ती सोडून बघा, वास नसेल तर गॅस नाही, नाकाला ओला रुमाल बांधा, आधी गूळ खा, आणि आतला माणूस पडला तर दुसऱ्यानं दम धरून लगेच उतरावं.

शेवटचं आधी घेतो, कारण ते सरळ जीव घेणारं आहे. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार गेले. एका टाकीपायी पाच! पडलेल्या माणसाला उचलायचं, दोर बांधायचा, वर ढकलायचं, एवढ्या कष्टात मिनिटभरही दम टिकत नाही. आणि मैला कुजून होणारा विषारी गॅस, हायड्रोजन सल्फाइड, भरपूर असेल तर एकदोन श्वासांत शुद्ध जाते. म्हणून दोर आधीच बांधलेला हवा, तोही कमरेला नाही. बेशुद्ध माणूस कमरेच्या दोरात दुमडतो आणि टाकीच्या तोंडाशी अडकतो. खांद्या-मांड्यांतून जाणारा पूर्ण पट्टा, वर तिपाई, तिला हातानं फिरवायची चरखी. चरखीवरच्या माणसानं काहीही झालं तरी आत जायचं नाही. चरखी नसेल तर ब्लोअरचा (ताजी हवा आत ढकलणाऱ्या पंख्याचा) पाइप पडलेल्याच्या तोंडाजवळ सोडा, १०१ आणि १०८ लावा. आत जाईल तो पाठीवर हवेचं सिलिंडर असलेला अग्निशमनवालाच.

वासाचं तर उलटंच आहे. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं. ‘आता वास गेला’ असं वाटतं, तीच घटका जिवावरची. अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेनं जिवाला तत्काळ धोक्याची पातळी म्हणून हाच १०० चा आकडा धरलाय.

मेणबत्तीत अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागतं. जुन्या विहिरीत कंदील विझला तर उतरायचं नाही, हे बरोबरच. पण ज्योत विझते ती ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आल्यावर. माणसाला किमान १९.५ लागतो. विहिरीत उतरवलेल्या इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ज्योतीला कळतच नाही. सेप्टिक टँकमध्ये मिथेन ५ ते १५ टक्के असेल, तर तीच मेणबत्ती स्फोट करते. शिवाय वरून तपासलेली हवा खाली तशीच राहत नाही. फावडं लागून गाळाची साय फुटली की हलवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा आतला गॅस उसळतो. म्हणून चार वायू मोजणारा मीटर छातीवर, पूर्ण वेळ चालू. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत, आणि ब्लोअर जनरेटरच्या धुरापासून लांब.

ओला रुमाल गॅस अडवत नाही. गुळाचा तर काही संबंधच नाही.

मुळात उतरायचंच कशाला? नगरपालिकेची किंवा खासगी मैला उपसायची गाडी बोलवा. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी करणाऱ्या कायद्याचं कलम ७ सांगतं की धोकादायक पद्धतीनं सेप्टिक टँक साफ करायला कुणालाही लावता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालक ‘पाचशे जादा देतो, उतर’ म्हणाला तर त्याला हे कलम वाचून दाखवा.