शिकवतो कोण, तपासतो कोण?

‘आठवड्यात दोन दिवस शाळा, तीन दिवस कारखाना, हेच जर्मन पद्धतीचं गुपित’ हे कामगार-प्रशिक्षणाच्या जर्मन पद्धतीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. वेळापत्रक उद्या कुणीही उचलेल. खरी मेख शिकवतो कोण आणि तपासतो कोण, यात आहे. तिथे कारखान्यात प्रशिक्षणाची जबाबदारी घेणाऱ्याला आधी स्वतःची प्रशिक्षक म्हणून पात्रता सिद्ध करावी लागते. ‘इंडस्ट्रीमेखानिकर’ (कारखान्यातला यंत्र-कारागीर) हा साडेतीन वर्षांचा ट्रेड घ्या. काय शिकवायचं ते देशभर लागू असलेल्या नियमावलीत ठरलेलं. शिकणारा मुलगा केलेलं काम वहीत लिहितो, प्रशिक्षक सही करतो. वही नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा दोन भागांत, ४० आणि ६० टक्क्यांची. परीक्षक मंडळात मालक, कामगार आणि शिक्षक, तिन्ही बाजूंची माणसं.

आपल्याकडे १९६१ चा अप्रेंटिस (शिकाऊ कामगार) कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारकही आहे. पण लाइनवर माणूस कमी पडला की पोरगा महिनोन्‌महिने एकाच प्रेसवर पार्ट घालत-काढत राहतो. मायक्रोमीटरचं (बारीक मापं घेण्याच्या साधनाचं) शून्य कसं तपासायचं, टूल ऑफसेट (मशीनला हत्याराच्या मापाची दुरुस्ती) कसा द्यायचा, हे दाखवायला कुणाला वेळ नसतो, कारण सुपरवायझरचं टार्गेट नगांवर ठरतं. आधी शिकवण्याचे तास त्या टार्गेटमधून वगळा.