लाकडी विळ्याचा पंचनामा

कपाळावरचे टेंगूळ तीन दिवसांत उतरले. राग मात्र अजून उतरलेला नाही. गेल्या रविवारी दोजोतून, म्हणजे आमच्या आखाड्यातून, घरी परतत असताना टोकियोतल्या एका स्टेशनबाहेर दोन पोलिसांनी मला मोठ्या अदबीने बाजूला घेतले आणि भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या साक्षीने, माझ्या पिशवीतून निंजांचे एक शस्त्र बाहेर काढले. शस्त्र लाकडाचे होते, त्याला साखळीच्या जागी सुती दोरी होती आणि दोरीच्या टोकाला रबरी चेंडू होता. एवढ्या निरुपद्रवी वस्तूने त्या दिवशी जगात एकाच माणसाला इजा केली होती, आणि तो माणूस मीच होतो.

या शस्त्राचे नाव कुसारीगामा. एका हातात विळा, विळ्याला लांब साखळी आणि साखळीच्या टोकाला वजन. साखळी डोक्यावर गरगर फिरवायची, वजन फेकून समोरच्याची तलवार गुरफटवायची, त्याला जवळ ओढायचे आणि विळ्याने काम उरकायचे, इतके हे तंत्र ऐकायला सोपे आहे. अडचण एवढीच की आपले डोके कोणते आणि शत्रूचे कोणते, हे साखळीला कळत नाही. शिवाय या शस्त्राचा सर्वांत गाजलेला वस्ताद जो शिशिदो, तोही गाजला तो हरल्यामुळे. मियामोतो मुसाशी या नामांकित जपानी तलवारबाजाच्या जुन्या चरित्रात अशी कथा आहे की इगा प्रांतातल्या त्या द्वंद्वात शिशिदो साखळी फिरवत असतानाच मुसाशीने आखूड तलवार फेकून त्याची छाती भेदली. ही कथा आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, मला सांगितली ती सहा महिन्यांची फी भरून झाल्यावर.

असो. पोलिसांपैकी धाकट्याचा आवाज इतका मऊ होता की बँकेतला माणूस मुदतठेवीची चौकशी करतो आहे असे वाटावे. तसदीबद्दल दोनदा क्षमा मागून त्याने माझे रहिवासी कार्ड पाहिले, जे आम्हा परदेशी लोकांना कायद्याने सदैव जवळ बाळगावे लागते, आणि मग माझ्या कपाळाकडे पाहून विचारले, ‘‘आपल्यावर कोणी हल्ला केला आहे का?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘मीच.’’

हे उत्तर वहीत कसे नोंदवावे याचा विचार करत तो थांबला. थोरल्याने पिशवीतला विळा उचलून लाकडी पात्यावरून अंगठा फिरवला. 1958 च्या जपानी शस्त्रकायद्यानुसार सहा सेंटिमीटरहून लांब पाते योग्य कारणाविना बाळगता येत नाही, हे मला तोंडपाठ आहे, कारण पिशवी घेऊन निघताना मी ते मनाशी घोकतच असतो. परंतु हे पाते नव्हतेच. ती ओकच्या लाकडाची वाकडी फळी होती. ‘‘हे कशासाठी वापरता?’’ थोरल्याने विचारले. ‘‘निंजुत्सू,’’ मी म्हणालो, आणि दोघांची नजर एकदमच माझ्या पोटावर येऊन स्थिरावली.

याच वेळी आजी आल्या. ऐंशीच्या आसपास वय, डोक्यावर मानेपर्यंत झालर असलेली शेतातली टोपी, सायकलच्या टोपलीत हातभर लांबीच्या पातीच्या कांद्यांची जुडी. पोलीस आणि परदेशी माणूस एकत्र दिसले की इथले लोक नजर खाली घालून पुढे सरकतात. आजींनी सायकल स्टँडवर लावली, चक्क थोरल्या पोलिसाच्या हातून माझा विळा घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

‘‘याला धारच नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘याने गवत कसं कापणार?’’

‘‘आजी, हा गवतासाठी नाही. लढाईसाठी आहे.’’

‘‘लढाई? कोणाशी?’’

आठवड्यातून दोनदा, चार वर्षे, मी हा सराव करतो आहे, आणि हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता, मी स्वतःही नाही. मी दोरीकडे बोट दाखवून विषय बदलला. दोरीने शत्रूला गुंतवायचे असते, असे सांगितले.

‘‘आणि तोवर तो उभा राहतो का?’’

धाकटा पोलीस खोकला. तो हसणे लपवत होता हे मला स्पष्ट दिसले. आजींना मात्र हसण्यात रस नव्हता; त्यांना माझी मूठ खटकत होती. अंगठा असा ठेवतात का, मनगट असे ताठ ठेवले तर संध्याकाळपर्यंत हात राहील का, आमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूने पहिल्या दिवशी हेच शिकवले होते, वगैरे सांगत त्यांनी कांद्यांच्या जुडीखाली हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला खराखुरा विळा बाहेर काढला. लोखंडी, वीतभर पात्याचा, ओल्या मातीचे डाग असलेला आणि कडेला उन्हात चमकणारा. तो हवेत आडवा फिरवून त्यांनी मनगटाची लकब दाखवली. सर्र असा आवाज आला. सेन्सेई हा आवाज कसा काढायचा ते मला दोन वर्षांपासून समजावत आहेत.

‘‘आजी, जरा जपून,’’ थोरला पोलीस म्हणाला. ‘‘ऊन फार आहे. पाणी पीत राहा हं.’’

बस्स, एवढेच. आजींचा विळा वर्तमानपत्रात गेला, वर कांद्याची जुडी आली आणि सायकल निघून गेली. माझ्या लाकडी विळ्याची मात्र लांबी, दोरीचा रंग आणि चेंडूचा व्यास वहीत नोंदला गेला.

आजींकडे योग्य कारण होते, हे मला मान्य आहे. भाजीचा मळा हे कारणच आहे. इतिहासाच्या दृष्टीनेही त्यांचेच म्हणणे बरोबर होते, कारण निंजांची बरीचशी हत्यारे म्हणजे शेतकऱ्याची आणि सुताराचीच अवजारे: कुनाई हे मुळात खणायचे-उचकटायचे लोखंड आणि कुसारीगामा हा गवताचाच विळा. पाठलाग करणाऱ्याच्या पायाखाली टाकायच्या माकिबिशीसाठी जे काटेरी फळ वाळवून वापरत, ते तर आपल्या शिंगाड्याचे जपानी भावंड. म्हणजे आपण ज्याच्या पिठाचा शिरा एकादशीला खातो, त्यावर शत्रूला चालायला लावायचे.

पण मग सराव हे योग्य कारण नाही का? माझ्याच वर्गातला एक जपानी मित्र सहा शाकूंची, म्हणजे सुमारे 180 सेंटिमीटरची, काठी खांद्याला लावून दर रविवारी स्टेशनच्या त्याच फाटकातून बाहेर पडतो. त्याला आजवर कोणी थांबवलेले नाही. मला या वर्षातली ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी पिशवीत फक्त डबा आणि टॉवेल होता, त्यामुळे दोष शस्त्राला देण्याची सोयही राहिली नाही. क्षमा मात्र प्रत्येक वेळी मागतात, अगदी कमरेतून वाकून, आणि त्यामुळे धड रागावताही येत नाही.

रात्री पुण्याला फोन केला. हातात घालायचे लोखंडी पंजे दाखवले होते तेव्हा आईने ‘‘ही तर वाघनखंच’’ असे म्हणून कौतुक केले होते. या वेळी ती म्हणाली, ‘‘इथे कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांना पोलीस धरतात. तुला तिकडे टोकियोत जाऊन तेच करायचं होतं का?’’ कोयता नव्हे विळा, आणि तोही लाकडी, असे मी म्हणालो. ‘‘मग तर बघायलाच नको,’’ ती म्हणाली.

सेन्सेईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि जो लोकांच्या नजरेत भरतो त्याला शिनोबी, म्हणजे निंजा, म्हणत नाहीत, असे सांगितले. 1681 सालच्या एका निंजा-पोथीत सात वेषांची यादी आहे: बैरागी, भिक्षू, डोंगरी तपस्वी, व्यापारी असे करत सातवा वेष साध्या, नेहमीच्या माणसाचा. तो सातवाच मला इथे जमत नाही, आणि त्यात माझा काय दोष आहे हे सेन्सेईंनी सांगितले नाही. ‘‘बॅडमिंटनची पिशवी वापर,’’ एवढेच ते म्हणाले.

पिशवी आणली. विळ्याची मूठ चार बोटे बाहेर राहते. काल तिच्यावर पातीच्या कांद्याची जुडी खोचून पाहिली, तर झाकली जाते. मात्र वर्ग तीन तासांचा असल्यामुळे परतताना जुडी मान टाकते, आणि दर रविवारी कांद्याच्या पातीची भाजी खाणार नाही, असे बायकोने आधीच सांगून ठेवले आहे.