पैसे पाण्यात जातात, पण एअरब्रशपायी नाही

विमानांची छोटी मॉडेल बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: दोन हजारांच्या आतला एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं हातातलं साधन) म्हणजे पैसे पाण्यात, घ्यायचा तर जपानी नाहीतर जर्मनच घ्या. नवशिक्यानं सिंगल ॲक्शन घ्यावा. नोझल, म्हणजे रंग बाहेर पडायचं टोकाचं छिद्र, ०.२ मिमीचं हवं, जितकं बारीक तितकं काम सुबक. हवा दाबून देणाऱ्या कंप्रेसरवर खर्च नको, टायरचा पंप चालतो. आणि ॲक्रिलिकला मास्क लागत नाही. आमच्या नाशिकच्या ग्रुपवर हा मेसेज तीनदा येऊन गेला. तिसऱ्या खेपेला अकरावीतल्या एका पोरानं खाली लिहिलं, ‘मग राहू दे, परवडणार नाही.’ तेव्हा मात्र राहवेना.

माझा ब्रश साडेतेराशेचा. बिननावाचा, वर कप असलेला, डबल ॲक्शन, ०.३ चं नोझल. पहिल्या आठवड्यात मीही त्याला भरपूर शिव्या घातल्या. कपातला रंग चहासारखा उकळायचा आणि मॉडेलवर थुंकल्यासारखे ठिपके पडायचे. आमच्या पंचवटीतल्या गल्लीत एक काका गणपती रंगवतात, मूर्तीच्या सोंडेवरचं शेडिंग ते फवाऱ्याच्या गननंच करतात. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘अरे, रंग नाही उकळत, हवा उलटी येतीये.’ नोझल काढलं, आट्यांवर मधमाशीच्या मेणाचा बारीकसा थर दिला, बोटांनी फिरवून बसवलं आणि पान्यानं जेमतेम आवळलं. बुडबुडे बंद! जास्त आवळलं असतं तर आटे तुटून नोझल आतच अडकलं असतं. तांदळाच्या दाण्याएवढी तर ती वस्तू.

स्वस्त ब्रशमध्ये दोष असतातच, ते मी नाकारत नाही. नोझलमधून रंग सोडणाऱ्या सुईचं टोक खरबरीत निघतं, आतल्या रबरी रिंगा लॅकर थिनरनं फुगतात. म्हणून घेतल्या घेतल्या सुई बाहेर काढून काचेवर लोळवून बघा. टोक डुलत असेल तर सुई वाकडी आहे आणि फवारा तिरकाच जाणार. त्याच मापाची एक सुई आणि एक नोझल जादा घेऊन ठेवा. महागड्या ब्रशचा खटका लोण्यासारखा चालतो आणि केसाएवढी रेघ निघते, हेही खरं. पण ती रेघ कशासाठी लागते? दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांच्या कुशीवर ठिपक्याठिपक्यांची नक्षी असते, तिच्यासाठी. पहिलं मॉडेल करणाऱ्याला तिचं काय काम? आणि बुडबुडे, थुंकी, तिरका फवारा या तिन्ही तक्रारी न धुतलेल्या महाग ब्रशमध्येही येतात.

सिंगल ॲक्शनचा सल्ला दिसतो सोपा. त्यात खटका दाबला की हवा आणि रंग एकदमच येतात, आणि रंग कमी-जास्त करायला हात थांबवून स्क्रू फिरवावा लागतो. डबल ॲक्शनमध्ये खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. सुरुवात हवेनं करायची, शेवटही हवेनंच. एक संध्याकाळ रद्दीवर आणि प्लॅस्टिकच्या चमच्यांवर घालवली की बोटाला सवय होते. फरक इतकाच.

नोझलचं गणित तर कागदावरच होतं. ओझरला बनलेलं सुखोई-३० सुमारे २२ मीटर लांब, म्हणजे १/७२ मापाच्या मॉडेलमध्ये साधारण ३० सेंटीमीटर. शाळेतल्या पट्टीएवढं विमान, बहुतेक अंग एकाच करड्या रंगाचं. ०.३ च्या छिद्राचं क्षेत्रफळ ०.२ च्या सव्वादोनपट असतं. ०.२ नं एवढं अंग भरत बसलात तर मधेच टोकावर रंग सुकून नोझल तुंबणार. बारीक तपशिलासाठी साधा केसांचा ब्रश आहेच की. काकासुद्धा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हातानंच करतात.

आता पंप. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. टायरचा पंप काही मिनिटं चालून विसावा घ्यावा असा बनवलेला असतो. त्याला टाकी नसते, म्हणून हवा धक्क्याधक्क्यानं येते, आणि आपल्याला लागणारा १५ ते २० पीएसआयचा दाब तो एकसारखा धरून ठेवत नाही. जुने लोक गाडीच्या स्टेपनीतून हवा घ्यायचे, त्यात निदान धक्के तरी नसत. माझं म्हणणं, ब्रशवर वाचवलेले पैसे इथं घाला: छोटी टाकी, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप असलेला कंप्रेसर. जुलैत आपल्याकडची हवा इतकी ओली असते की ट्रॅप नसेल तर नळीतलं पाणी ताज्या रंगावर येऊन पडतं. पैसे पाण्यात जातात ते असे.

रंग किती पातळ करायचा, यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. निम्मी हार तिथेच होते! कपाच्या भिंतीवर रंग चढवला की तो दुधासारखा ओघळून मागं पातळ पापुद्रा राहायला हवा. एप्रिलच्या कोरड्या झळांत ॲक्रिलिक हवेतच सुकतं आणि पंखांवर रवा पसरल्यासारखं दिसतं. अशा वेळी दाब थोडा उतरवा, ब्रश जवळ आणा, रंगात दोन थेंब रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) टाका आणि टोक साध्या ओल्या ब्रशनं पुसत राहा. किंवा सरळ सकाळी सातला बसा.

मास्कबद्दल थोडक्यात. वास येत नाही म्हणून रंगाचे कण छातीत जायचे थांबत नाहीत. शिवाय ‘ॲक्रिलिक’ म्हणजे पाणीच असंही नाही. टामिया या जपानी कंपनीच्या ॲक्रिलिकमध्ये अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं. पाण्याच्या रंगाला एन-९५ पुरतो, पण थिनर आला की कार्बन कार्ट्रिजचा मास्क हवा, खिडकी उघडी हवी आणि स्वयंपाकघराचा गॅस बंद हवा.

त्या अकरावीतल्या पोराला रविवारी घरी बोलावलंय. ब्रश माझा, मेणही आहे. चमचे आणि रद्दी त्यानं आणायची.