मालेत 8 तास मोकळे? शहर न बघता ते घालवण्याची रीत

मालदीवचं बुकिंग झालं की घरात पहिली चर्चा होते पाण्यावरच्या खोलीची आणि दुसरी, नाश्ता धरून किती पडले याची. विमानतळाचं नाव कुणी काढत नाही. त्यामुळे रिसॉर्टला जाताना किंवा येताना 8-10 तास हुलहुले नावाच्या विमानतळाच्या बेटावर, ट्रॉलीच्या दांड्यावर हनुवटी टेकून काढावे लागतात. समोर पाण्यापलीकडे एका देशाची राजधानी, माले, दिसत असते. ती तशीच लांबून दिसत राहील आणि जवळून अजिबात दिसणार नाही, यासाठी थोडी मेहनत घ्यावी लागते. ती कशी घ्यायची ते सांगतो.

सुरुवात मुंबईतच करा. रिसॉर्टला काहीही न विचारता आधी स्वस्तातलं तिकीट काढा. लांबच्या रिसॉर्टला नेणारं सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, फक्त उजेडात उडतं. समुद्रावर धावपट्टीचे दिवे नसतात. लाटा, वारा आणि मध्येच आलेली होडी वैमानिकाला डोळ्यांनी बघावी लागते. माले विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम 4 अंशांवर, त्यामुळे तिथे बाराही महिने सूर्य 6 च्या आसपास मावळतो. लांबच्या बेटापर्यंत पाऊण तास, वाटेत एक-दोन बेटांवर माणसं उतरवायची, मग विमानानं अंधाराआधी मुक्कामाला यायचं. हा हिशेब उलटा मांडत आलं की दुपारी साडेतीननंतर उतरणाऱ्या माणसाला त्या दिवशीचं सीप्लेन मिळेलच असं नाही. तेव्हा आपलं विमान 4 नंतर उतरेल असं बघा. तिकिटात वाचलेले पैसे रात्रीच्या हॉटेलात भरता येतात. परतीला सकाळी लवकरचं विमान घेतलंत तर रिसॉर्टमधली शेवटची रात्र आदल्या दुपारीच संपते, पैसे मात्र पूर्ण. आणि संध्याकाळचं घेतलंत तर सीप्लेनवाले सकाळीच आणून सोडण्याची शक्यता चांगली, कारण नेमकी वेळ ते आदल्या संध्याकाळी कळवतात आणि ती ठरवताना त्यांच्यासमोर बाकीच्या बेटांचीही यादी असते.

स्पीडबोटीनं जाता येईल असं जवळचं बेट चुकूनही निवडू नका. ती रात्रीही चालते, मग अडकणार कसे?

सामान भरपूर घ्या. सीप्लेनला साधारण 20 किलो मोठी बॅग आणि 5 किलो हातातली एवढंच चालतं. डीएचसी-6 ट्विन ऑटर हे पंधराएक माणसांचं विमान, तिथे वजन ही हौसेची बाब नसते. पाण्यावरून उठताना किलोकिलोचा हिशेब असतो. मुंबईचं विमान 30 किलो देत असेल तर 30 भरा. वरच्या 10 किलोचे पैसे काउंटरवर डॉलरमध्ये मोजताना वेळ छान जातो. शिवाय दोन जड बॅगा असल्या की ‘सामान सोडून कुठे जायचं’ हे वाक्य दिवसभर पुरतं. विमानतळावर पैसे देऊन सामान ठेवता येतं. ती पाटी दिसली की मान दुसरीकडे वळवायची.

बॅगेत काय असावं हेही ठरलेलं आहे. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधली बाटली तर हवीच. मालदीवमध्ये दारू आणता येत नाही. कस्टमवाले ती ठेवून घेतात आणि जाताना परत घेण्यासाठी पावती देतात. पूजेसाठीची मूर्ती नेणंही कायद्यानं मना आहे, त्यामुळे प्रवासातला छोटा गणपती घरीच ठेवावा हे एरवी सांगितलं असतं. व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, 2024 च्या अखेरीपासून बंदी आहे. ही तिन्ही एकाच बॅगेत असली तर पहिला तास एक्सरेच्या पट्ट्यापाशी जातो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

इमुगा नावाचा मालदीव सरकारचा प्रवाशांसाठीचा फॉर्म असतो. प्रवासाआधी 96 तासांच्या आत ऑनलाइन भरायचा, जाताना एकदा आणि येताना पुन्हा एकदा. तो फुकट आहे. म्हणून गुगलवर सगळ्यात वर दिसणाऱ्या, सरकारी वाटणाऱ्या साइटवर पैसे देऊन भरा. किंवा भरूच नका, आणि चेक-इनच्या रांगेत उभं राहून एका हातानं सगळ्या कुटुंबाचे पासपोर्ट नंबर टाइप करा.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. इतर देशांत लेओव्हरला, म्हणजे मधल्या थांब्यात, बाहेर न पडण्यासाठी ‘व्हिसा नाही’ हे कारण पुरतं. इथे ते चालत नाही. भारतीयांना पर्यटनाचा व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो, आणि सीप्लेन पकडायला जाताना तुम्ही इमिग्रेशन पार केलेलंच असतं. म्हणजे कायद्यानं तुम्ही देशात आहात. आता फक्त स्वतःच्या हिमतीवर बसून राहायचं.

घड्याळाची मदत घ्या. मालेत भारतापेक्षा अर्धा तास मागे वाजतात. बरीच रिसॉर्ट्स मात्र पाहुण्यांना उजेड जास्त मिळावा म्हणून आपल्या बेटावर घड्याळ एक तास पुढे ठेवतात. फोनवर मालेची वेळ, मनगटावर मुंबईची, रिसॉर्टच्या चिठ्ठीवर बेटाची. सकाळचे 9 तीनदा वाजतात. सीप्लेन आणि विमान दोन्ही मालेच्या वेळेनं सुटतात. हे कुणाला विचारू नका, तीन तास आधीपासून गेटपाशी उभे राहा.

आता मुख्य धोक्याकडे वळू. टर्मिनलमधून बाहेर पडलात की समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे थेट धक्का. तिथून मालेला फेरी सुटते. दर दहाएक मिनिटांनी एक, पोचायला साधारण तेवढाच वेळ, भाडं तिथल्या रुफियात द्या नाहीतर डॉलरमध्ये, अगदी किरकोळ. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या माणसाला हा प्रवास वाटणारच नाही. धक्क्याखालचं पाणी इतकं नितळ की उभ्या उभ्या मासे मोजता येतात, आणि त्या नादात माणूस होडीत पाय टाकून बसतो. म्हणून तिकडे बघायचंच नाही. 2018 साली झालेल्या सिनामाले पुलावरून बसही जाते. तिच्याकडेही पाठ करा.

3 नोव्हेंबर 1988 च्या रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीसैनिक याच हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरले होते. त्यांनी मिळाल्या त्या बोटी घेतल्या, हेच पाणी ओलांडलं आणि उजाडायच्या आत मालेतल्या बंडाचा निकाल लावला. त्यांच्याकडे ट्रॉली नव्हती, हे लक्षात घ्या.

पलीकडे गेलेल्यांचं काय होतं ते सावधगिरी म्हणून सांगायला हवं. मुख्य बेट जेमतेम 2 चौरस किलोमीटरचं. अर्ध्या तासात आडवं चालून होतं, त्यामुळे हरवण्याचंही सुख नाही. रस्त्याला म्हणतात ‘मगू’: मजीदी मगू, चांदनी मगू. आपला मार्गच तो. तिथली दिवेही भाषा आपल्या भाषेची लांबची चुलत बहीण. लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी असली तरी शब्द ओळखीचे निघतात आणि माणूस खुळावतो. तिथे ‘स’चा ‘ह’ होतो, त्यामुळे सोमवार म्हणजे ‘होमा’, शुक्रवार ‘हुकुरू’, साखर ‘हकुरू’. मंगळवार ‘अंगारा’, आणि हे अंगारकी पाळणाऱ्या घराला वेगळं सांगायला नको. मासा ‘मस’. एवढं कळलं की पाट्या वाचत हिंडायची बुद्धी होते आणि दोन तास हातचे जातात.

हुकुरू मिस्की, म्हणजे शुक्रवारची मशीद, 1658 साली बांधलेली. प्रवाळाचे दगड तासून, खाचेत खाच बसवून, चुन्याशिवाय उभी केलेली. सांगतात की तिचा पाया आधीच्या देवळाचा, म्हणून इमारतीचं तोंड एका दिशेला आणि मक्केची दिशा दुसरी. आत नमाजासाठी सतरंज्या तिरप्या अंथरतात. बिगरमुस्लिमांना परवानगीशिवाय आत जाता येत नाही, पण प्रवाळावरची नक्षी बाहेरून, अगदी हातभर अंतरावरून बघता येते. शेजारच्या कबरस्तानातले कोरीव दगडही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तेव्हा हाफ पँट आणि बनियनछाप टीशर्ट घालूनच विमानातून उतरा, प्रश्न मिटला. दिवस निवडता आला तर शुक्रवार निवडा: दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, आणि ‘इथे काही बघण्यासारखं नाही’ हे छातीठोक सांगता येतं.

मासळी बाजार सगळ्यात वाईट. उत्तरेच्या किनाऱ्यावर, फेरीच्या धक्क्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटं. दुपारनंतर होड्या लागतात आणि मांडीएवढे टुना फरशीवर ओळीनं पडतात. हे मासे जाळ्यात धरलेले नसतात. जिवंत बारकी मासळी पाण्यात टाकायची, वरून पाण्याचे फवारे मारायचे म्हणजे टुनाला भक्ष्य उसळतंय असं वाटतं, आणि आकड्याला उलटा काटा नसलेल्या गळानं एकेक मासा उचलून मागे फेकायचा. उलटा काटा नसल्यामुळे मासा डेकवर आपोआप सुटतो, गळ लगेच पुन्हा पाण्यात. बाजारात कापणारा माणूस एक मासा काही मिनिटांत चार फाकांत मोकळा करतो. कोकणातल्या माणसानं इथे मुळीच जाऊ नये. तो भाव विचारील, सुरी कुठल्या लोखंडाची ते विचारील आणि विमान चुकवील.

खाणंही तसंच फसवं. सकाळी ‘मस हुनी’ मिळते: शिजवलेला टुना, खवलेलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, वर लिंबू, सगळं हातानं कुस्करलेलं, सोबत ‘रोशी’ म्हणजे पातळ रोटी. संध्याकाळी चहाबरोबर ‘हेदिका’, काचेच्या कपाटातले तळलेले जिन्नस. त्यातला बजिया दिसायला हुबेहूब समोसा. शाकाहारी मंडळी नेमकी त्यालाच हात घालतात, कारण बाकीचं काही ओळखीचं नसतं, आणि पहिल्या घासाला टुना लागतो. गोल गुल्हा, त्यातही टुना. चौकोनी तिखट वडी, त्यातही. खात्रीचं हवं असेल तर केळीच्या पानात गुंडाळलेली नारळाची बोंडी घ्यावी किंवा ‘मस’ हा शब्द उच्चारून जोरात मान हलवावी. पण आपल्याला तिकडे जायचंच नाही, तेव्हा बॅगेतला थेपला काढा.

हे सगळं टाळून 8 तास घालवायला विमानतळाच्या बेटावर हॉटेल आहे. दारूचा परवाना असल्यामुळे तिथे जप्त बाटलीचं दुःख विसरता येतं. बिल वाचताना दर आणि पुढे दोन अधिकचिन्हं दिसली तर ती नक्षी समजा. 10 डॉलरच्या पेयावर आधी 10 टक्के सेवाशुल्क, म्हणजे 11. त्या 11 वर 17 टक्के पर्यटन कर. झाले 12 डॉलर 87 सेंट. सेवाशुल्कावरही कर लागला म्हणून वेटरशी हुज्जत घालायला अर्धा तास ठेवा. त्याच्या हातात काही नसतं, पण तो ऐकून घेतो.

मुलं समुद्र समुद्र करत असतील तर बसनं पंधरा-वीस मिनिटांवर हुलहुमाले आहे. 1997 पासून समुद्रात भराव टाकून केलेलं बेट, पूर्वेला लांब पुळण. ती स्थानिकांची असल्यामुळे तिथे बिकिनी चालत नाही, आणि पूर्वेला तोंड असल्यामुळे सूर्यास्ताचा फोटो मिळत नाही. या दोन वाक्यांत बेत रद्द होतो. पुळणीवर संध्याकाळी गाड्यांवर खायला मिळतं, पाणी गुडघाभर आणि शांत असतं, हे मुलांना कळू देऊ नका.

निघताना दोनच गोष्टी. कस्टमनं ठेवलेल्या बाटलीची पावती मोठ्या बॅगेत तळाशी ठेवा आणि बॅग आधी चेक-इन करा. मग घरी न्यायला काहीतरी हवं म्हणून विमानतळावरच्या दुकानातून टुनाची पाकिटं घ्या, सहाच्या सहा, डॉलरमध्ये. घरी सगळे शाकाहारी आहेत हे मुंबईला पट्ट्यावर बॅगेची वाट बघताना आठवेल.